कुदळ मारायला जागा

महालक्ष्मी रेसकोर्सच्या 120 एकरांवर उद्यान कसं असावं, यावरून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून हातघाई चालते. जॉगिंग ट्रॅक हवा, देशी झाडं हवीत, पार्किंग नको. मी बर्मिंगहॅमहून लिहिलं, "थोडे वाफे लोकांना भाजी लावायलाही द्या." हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने विचारलं, "तिकडे जाऊन माळी झालास की काय?"

झालो. इथे पालिका नागरिकांना जमिनीचे तुकडे भाड्याने देते, त्यांना अलॉटमेंट म्हणतात. पूर्ण तुकडा जुन्या मापाने दहा रॉडचा, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटर. तीन वर्षं थांबल्यावर मला अर्धा मिळाला. पहिल्याच उन्हाळ्यात महिनाभर मुंबईला गेलो. परतलो तर तण कमरेएवढं आणि दारात नोटीस: जमीन कसा, नाहीतर सोडा. तेव्हा चिडलो होतो. 'कसेल त्याची जमीन' हे लहानपणापासून ऐकलेलं, पण शहरातल्या माणसालाही ते लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं. (मालकी मात्र नाही.) शेजारच्या जमैकन आजोबांनी माझी मेथी तण समजून उपटली. भाजीपेक्षा इथे फुकटचा सल्लाच जास्त पिकतो, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जातो.

पण हेवा वाटतो तो इथल्या कायद्याचा. 1908 च्या कायद्यानुसार मागणी असेल तर पालिकेने तुकडे द्यायचे. मध्य लंडनला तेवढी सक्ती नाही. 1925 पासून अलॉटमेंटसाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. प्रतीक्षायाद्या तरीही लांबच आहेत. आपल्याकडे मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी होता. 2001 च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता केला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. म्हणून "मुंबईत जागा कुठाय?" हा प्रश्न मला पटत नाही. जागा होती.

दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथे कुटुंबामागे 250 चौरस मीटर मागणं हा माज झाला, हे कबूल. एक वाफा पुरे. हौस तर आहेच: लोकलच्या खिडकीतून दिसणारा रुळांकडेचा पालक आठवा. 'ग्रो मोअर फूड' योजनेत रेल्वेने ती जमीन आपल्याच कर्मचाऱ्यांना कसायला दिली. त्या भाजीला गटाराचं पाणी घालतात ही तक्रार खरी आहे, पण मग नळ द्यावा. आपल्याला मात्र बाग म्हटलं की आधी 'हिरवळीवर चालू नये'ची पाटी आठवते.

मला माळी म्हणणाऱ्या मित्राने काल गच्चीवरच्या थर्माकोलच्या खोक्यात लावलेल्या मिरचीचा फोटो पाठवला. सोसायटीच्या सेक्रेटरीने शनिवारपर्यंत खोकं हलवायला सांगितलंय.