ड्रेटन हॉल : ‘एवढा पैसा, मग रंग का देत नाहीत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रोखठोक लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. अमेरिकेतल्या चार्ल्स्टनजवळच्या ड्रेटन हॉल या अठराव्या शतकातल्या घरात ना फर्निचर, ना दिवे, भिंतींचे पोपडे निघालेले. एवढ्या श्रीमंत देशाला एक घर नीट करता येऊ नये? आणि सगळीकडे घराचं साल १७३८ दिलेलं असताना मी लेखात ते १७५० च्या आसपासचं कसं म्हटलं?

सालाचं आधी उरकतो. १७३८ साली जॉन ड्रेटनने जागा घेतली. माळ्यावरच्या लाकडातली वलयं तपासली, तेव्हा ती झाडं १७४७-४८ च्या हिवाळ्यात तोडल्याचं निघालं. छपराचं लाकूड जंगलात उभं, मग घर कुठून पुरं होणार?

आता रंग. १९७४ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं, तोवर हे घर सात पिढ्या ड्रेटन कुटुंबातच होतं आणि वीज, नळ, हीटिंग यातलं काही आत शिरलं नव्हतं. ट्रस्टने ठरवून ते तसंच राखलं. मूळ रूप द्यायचं तर नंतरचं सगळं खरवडावं लागतं. एका दाराच्या चौकटीवर घरातल्या पोरांच्या उंचीच्या खुणा आहेत. त्या एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणून पुसायच्या? (जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपल्याकडे काळ्या पाषाणाला ऑइल पेंट फासतात, ते आठवा.) आणि जैसे थे राखणं फुकटात होत नाही, तिकिटाचा पैसा त्यातच जातो.

फर्निचर नाही म्हणूनच बांधणी दिसते. पश्चिमेचा दुमजली पोर्टिको (खांबांवरचा उघडा व्हरांडा) बघा, खाली साध्या डोरिक घडणीचे खांब, वर नक्षीदार आयोनिक; दोन्ही घडणी प्राचीन ग्रीसच्या. रीत इटलीतला सोळाव्या शतकातला वास्तुकार पल्लादिओ याची, पण इथे तो थोडा घराबाहेर आणि थोडा घराच्या पोटात घेतलाय, त्यामुळे तिथल्या दमट उकाड्यात ऐसपैस सावली मिळते. नदीच्या अंगाला महोगनीचा जोडजिना. हा थाट उभा राहिला गुलामांच्या कष्टांवर, हे मूळ लेखात सविस्तर आहेच.

बाजूच्या दोन इमारती पुन्हा बांधा, असंही तुम्ही सुचवलंत. एक १८८६ च्या भूकंपात गेली, दुसरी १८९३ च्या चक्रीवादळात. १७६५ च्या एका जलरंगचित्रात दोन्ही दिसतात, म्हणजे आधार अगदीच नाही असं नाही. तरी मला ते पटत नाही. चित्र बघून आज रचलेली वीट अस्सल विटेशेजारी बसली, की दहा वर्षांनी फरक कोण सांगणार? तुम्ही स्वतः बांधकामातले आहात, यावर तुमचं मत जरूर लिहा.