गाडीतला खरवस

काल सकाळी आठ-दहाला मैत्रिणीचा मेसेज आला. "उद्यापासून मेट्रोनेच जाईन म्हणते. तुला उगाच वाट वाकडी करावी लागते." पुढे जोडलेले हात आणि एक फूल.

वाट मी दोन वर्षं वाकडी करते आहे. वनाजचं स्टेशन तिच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे, ते काही एका रात्रीत उगवलेलं नाही. इतके दिवस मेट्रोचं नाव काढलं की "शी, गर्दीत कसले कसले वास येतात गं" म्हणणारी ही बाई आता त्याच गर्दीत रामवाडीपर्यंत लोंबकळत जायला तयार झाली. गाडीला वास येतो असं सरळ लिहिलं असतं, तर मी एकदा चिडून मोकळी झाले असते. त्या फुलाने दिवसभराचा राग पुरवला.

वास येतो, हे मला मान्यच आहे. पण पूर्वीइतका नाही. पूर्वी किती यायचा हे ऐकलंत तर आत्ताच्याला तुम्ही सुगंध म्हणाल.

घडलं ते थोडक्यात सांगते. मे महिन्याच्या अखेरीस कराडजवळ सासरी गेलो होतो. म्हैस व्याली होती. सासूबाईंनी पहिल्या दिवसाचा चीक, चांगला 3 लिटर, स्टीलच्या किटलीत भरून, झाकणावर फडकं बांधून दिला. किटली सांभाळायचं काम एकाच माणसाकडे होतं आणि तो माणूस गाडी चालवत नव्हता. गाडी मी चालवत होते. पुढच्या सगळ्या चर्चांमध्ये लोक हे सोयीस्कर विसरतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. कराड-सातारा रस्त्याचं सहापदरीचं काम चालू, जरा वेग घेतला की डायव्हर्जन. त्या माणसाचा फोन वाजला, किटली मांडीवरून पायांत गेली आणि पुढच्या डायव्हर्जनला आडवी झाली. "अगं," एवढंच तो म्हणाला. चौदा वर्षांच्या संसारात मी 'अगं'चे प्रकार ओळखायला शिकले आहे. हे 'माझ्या हातून काहीतरी झालंय, पण तू जरा हळू घ्यायला हवी होतीस' या जातीचं होतं.

अर्धा चीक किटलीत उरला. अर्धा सीटखालून वाहत मागच्या पायपुसण्यांपर्यंत गेला.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. नवरा "किटली धुतो" म्हणून वर गेला, तो किटली धुतच राहिला. मी जुना टॉवेल घेऊन गाडीत ओणवी. आणि सहा म्हणजे आमच्या सोसायटीतल्या ब विंगच्या काकांच्या शतपावलीची वेळ. शंभरातली वीस पावलं काका चालतात. उरलेली ऐंशी दुसऱ्यांच्या गाड्यांपाशी उभं राहून भरून काढतात.

"काय सांडलंय?"

"चीक, काका."

"गायीचा की म्हशीचा?"

"म्हशीचा."

"कितव्या दिवसाचा?"

"पहिल्या."

काकांनी डोळे मिटले. "किती?"

"दीड लिटर तरी असेल."

"अरेरेरे." हे अरेरे गाडीसाठी नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग म्हणाले, "सरक जरा." मी सरकले. काकांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला गाडीबाहेर काढल्या, सीटवर अर्धे टेकले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि श्वास घेतला. थांबले. परत घेतला. मी टॉवेल धरून उभी. शेजारच्या पार्किंगमधल्या बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या, त्याही थांबल्या. काकांनी तर्जनी वर केली, म्हणजे आम्ही बोलायचं नाही. तिसरा श्वास झाला.

"पहिला वास गाडीचा," काका म्हणाले. "तो सोडून द्यायचा. दुसरा तुझ्या फिनेलचा."

"मी अजून फिनेल लावलं नाही, काका."

"लावशील. तिसरा खरा. अजून आंबलं नाहीये, पण उद्या दुपारपर्यंत आंबेल. मी तेहतीस वर्षं सरकारी दूध योजनेत काढली. सकाळी कॅनची रांग. झाकण उघडलं की पहिली वाफ नाकाने घ्यायची. एका सेकंदात निकाल. मशीन वगैरे नंतर, आधी नाक."

"मग आता काय करू?"

"उकळतं पाणी."

"उकळतं?"

"खळखळून. आमच्याकडे कॅन वाफेवर धरायचे. वास राहायची काय बिशाद!"

"पण काका, चिकाला उष्णता दिली की तो…"

"तू डेअरीत होतीस?"

"नाही."

"झालं तर मग."

मला खरवस करता येतो. दरवर्षी करते. कुकरला शिटी न लावता वाफेवर ठेवला की चीक वीस-पंचवीस मिनिटांत थिजतो, हे मला ठाऊक आहे आणि काका काय म्हणताहेत हेही मला ऐकू येत होतं. या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. चार तास गाडी चालवल्यावर समोर तेहतीस वर्षं उभी राहिली की माणूस पातेलं चढवतो. मी तीन पातेली चढवली. काका देखरेखीला होतेच. "कोपऱ्यात. तिथे नाही, त्या कोपऱ्यात. सीटच्या रुळाखाली. अजून. हात आखडू नकोस." वाफ काचांवर बसली. आणि गाडीतून घमघमाट सुटला. खरंच छान वास होता. लहानपणी आजीच्या मोदकपात्राचं झाकण उघडलं की यायचा तसा.

"बघ," काका म्हणाले. "बदलला की नाही वास?"

बदलला होता.

"वेलदोडा असता तर…" असं म्हणून काका घरी गेले.

सकाळी मॅट उचलली तर खालच्या गालिच्यावर पांढऱ्या रवाळ वड्या. बोटाने दाबलं की कुरकुर करणाऱ्या. साध्या दुधात प्रथिनं तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतात, पहिल्या चिकात ती 14 टक्क्यांपर्यंत जातात, म्हणून तर खरवसाला विरजण लागत नाही, नुसती ऊब पुरते. अंड्याचा, रक्ताचा, दुधाचा डाग आधी गार पाण्याने काढायचा, याचं कारणही तेच. गरम पाण्याने डाग निघत नाही, शिजतो. मी दीड लिटर डाग शिजवला होता. वरचा चमच्याने खरवडला. खाली मुरलेला तसाच बसला आणि मे महिन्याच्या उन्हात, काचा बंद केलेल्या गाडीत, निवांत आंबला.

सासऱ्यांना फोनवर सांगितलं. ते रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "कॅन आधी गार पाण्यानं इसळायचा गं. मग गरम. ल्हान पोरगंबी सांगंल की." म्हणजे काकांनी सांगितलं ते खरं होतं, फक्त पहिली पायरी सोडून सांगितलं होतं. हे असं का व्हावं, याचा उलगडा दोन दिवसांनी झाला. उरलेल्या चिकाचा खरवस केला होता, त्यातली एक वाटी काकांकडे घेऊन गेले. सहज काकूंना म्हटलं, काकांचं नाक फार तयार आहे हं. काकू म्हणाल्या, "ह्यांचं? हे आस्थापना विभागात होते. लोकांच्या रजा बघायचे."

आतून काकांचा आवाज आला, "गूळ कमी पडलाय."

पुढचा महिना उपायांचा. लिंबात लवंगा टोचून ठेवल्या, कॉफीची पूड वाटीत ठेवली, कापूर जाळला, कोळसे ठेवले. सोसायटीच्या ग्रुपवर "पार्किंगमध्ये उंदीर मेला असावा, कृपया लक्ष घालावे" असं कोणीतरी टाकलं. कोणीतरी म्हणजे काकांनी. वॉचमन टॉर्च घेऊन तीन दिवस माझ्या गाडीभोवती उंदीर शोधत होता आणि मी गॅलरीतून बघत होते.

शेवटी वॉशिंग सेंटरला नेली. तिथल्या मुलाने दार उघडलं, बंद केलं आणि विचारलं, "मॅडम, सर नाही आले?" गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते माझ्या पगारातून जातात, पण वास नक्की कशाचा आहे हे सरच सांगू शकतील असं त्याचं मत होतं. इथे मी विनोद करणार नाही. दहा वर्षं झाली, हवा भरतानाही मला हे विचारतात. "इंटिरियर ड्रायक्लीन" नावाखाली त्यांनी गाडी आतून चिंब भिजवली, 1800 रुपये घेतले आणि वर 'ओशन' नावाचं अत्तर आरशाला टांगून दिलं. एसी लावला की थेट समुद्रात बुडालेल्या म्हशीचा वास यायचा.

त्या काळात मी रात्री जागून रसायनशास्त्र वाचत बसायचे. खवट लोण्याला आणि ओकारीला जो वास येतो तो बहुतांशी ब्युटिरिक आम्लाचा. ते नावच लॅटिनमधल्या लोण्यावरून पडलं आहे, आणि माणसाच्या नाकाला ते कणभर असलं तरी कळतं. खायच्या सोड्याने ते मारता येतं, म्हणजे त्याचं मीठ होतं आणि मीठ हवेत उडत नाही. पण सोडा पोचतो वरवर, आणि आंबायला खरवस खाली बसलेला असला की आम्ल रोज नवं तयार. खरवस म्हणजे थिजलेली प्रथिनं, ती फोडायला एन्झाइमच हवं. हे धुण्याच्या पावडरीत घालायची कल्पना ऑटो रोम नावाच्या जर्मन माणसाची, 1913 सालच्या पेटंटची. हा गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ, आधी कातडी कमावणाऱ्यांसाठी काम करणारा. तोवर चामडं मऊ करायला कुत्र्याची विष्ठा वापरत. त्या घाणीत काम नेमकं कोण करतं हे त्याने हुडकलं आणि त्याजागी जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम आणलं. पुढे तेच कपड्यांना लावलं. रात्री दोन वाजता हे वाचून मला फार बरं वाटलं. जगात कोणीतरी माझ्यापेक्षा वाईट वासात उभं राहून शांतपणे विचार केला होता. नवऱ्याला उठवून सांगितलं तर म्हणाला, "अगं."

मग ओळखीच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने नाकाला रुमाल बांधला, चार बोल्ट काढून सीट बाहेर ठेवली, गालिचा उचलला. खाली जाड नमदा असतो, गोणपाटासारखा, आवाज आणि उष्णता अडवायला. तो पिळला तर पिवळसर पाणी आलं. त्यात माझी हरवलेली केसांची पिन, दोनचं नाणं आणि लोणावळ्याच्या चिक्कीचा कागदही निघाला. एन्झाइमची पावडर कोमट पाण्यात कालवून गालिच्याला आणि नमद्याला लावली, वर प्लॅस्टिक घालून रात्रभर ओली ठेवली, कारण वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं. सकाळी गार पाण्याने धुऊन नमदा गच्चीवर वाळत टाकला.

दुपारी बघायला गेले तर नमद्यावर कावळे. एक-दोन नाहीत, चांगले अकरा. चोचीने खरवस टोचून टोचून खात होते. पितृपक्षात मी सासऱ्यांच्या वडिलांसाठी खीर-वडे ठेवून दोन-दोन तास "या, या" करत उभी असते, तेव्हा यांच्यातला एकही फिरकत नाही. मी हाकललं नाही. निदान कोणाला तरी आवडला.

काचा उघड्या ठेवून तीन दिवस गाडी उन्हात तापवली. डॅशबोर्डातल्या खणामागे एसीची जाळी असते, तीही बदलली, कारण सगळा वास आधी तिथेच जाऊन बसतो. एवढं करून जून कसाबसा निभावला. आता जुलै आहे. हवा दमट झाली की आत उरलंसुरलं जे काही आहे ते जागं होतं. फार नाही, पहिल्या दोन मिनिटांपुरतं. पण मैत्रिणीला दोन मिनिटं पुरली.

दरम्यान नवऱ्याने हा किस्सा दोन लग्नांत आणि एका बारशात सांगून झाला आहे. त्याच्या आवृत्तीत किटली आपोआप आडवी होते आणि पुढे "हिने गाडीत चक्क खरवस लावला!" असं आहे. लोक खूप हसतात. मीही हसते.

आज सकाळी निघताना शेजारची सीट रिकामी होती. गेटपाशी काका छत्री घेऊन उभे. हात केला. "त्या बाजूलाच चाललीस ना? बँकेत सोड. पासबुक भरायचंय." बसले. पट्टा लावला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "गेला हो वास. पूर्ण गेला. मी सांगितलं होतं ना, उकळत्या पाण्याने जातो."

आणि काच खाली केली.

कर्वे रोडवर सर कोसळत होती. पाणी त्यांच्या बाहीवर, सीटवर, खाली गालिच्यावर, त्याच कोपऱ्यात.

"काका, काच वर घ्या ना. आत पाऊस येतोय."

"असू दे, असू दे," काका बाहेर तोंड करून म्हणाले. "हवा छान आहे."