‘सर्टिफिकेट दाखवा, क्रूझचे पूर्ण पैसे मिळवा’: त्या मेसेजला उत्तर

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या आणि काल चक्क भिशीच्या ग्रुपवरही तोच मेसेज आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: आजारपणामुळे क्रूझ रद्द करावी लागली तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर ३० दिवसांत पूर्ण पैसे देणं कंपनीला बंधनकारक आहे. ‘नॉन-रिफंडेबल’ ही अटच बेकायदा आहे. सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय. म्हणून घाईने कॅन्सल करू नका, आधी बरं वाटतंय का बघा. कंपनी नाही म्हणाली तर बँकेला सांगून कार्डाचे पैसे उलटे घ्या. नाहीतर ग्राहक मंचात जा, वकील लागत नाही.

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. बाकीच्यांवर विसंबून कुणी बसू नये म्हणून लिहितेय, कारण मी बसले होते.

ते ३० दिवस मुळात आले कुठून? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये ते आहेत, पण तिथे विषय सदोष मालाचा आणि त्रुटी असलेल्या सेवेचा आहे. बिलावर मुदत छापलेली नसेल तर अशा वेळी ३० दिवसांत पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जहाज ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी धक्क्यावरून सुटलं आणि आपण घरी अंथरुणात होतो, तर सेवेत त्रुटी कुठली? आजार आपला. ऐकायला कडू लागतं, पण सर्टिफिकेट दाखवलं की पूर्ण पैसे, असं सांगणारं कलम या कायद्यात नाही.

सुप्रीम कोर्टाचा जो निकाल या मेसेजबरोबर फिरतोय तो १ ऑक्टोबर २०२० चा, लॉकडाऊनमधल्या विमान तिकिटांचा. तेव्हा विमानंच उडत नव्हती. आपण आजारी आणि जहाज चालू, हे प्रकरण वेगळं.

‘नॉन-रिफंडेबल’वाला मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त घोळ होतो. झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४६) नुसार अनुचित करारात मोडते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ देखील सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही त्या आकड्याच्या आतच. त्यामुळे सहा महिने आधी कळवूनही कंपनीने सगळे पैसे दाबून ठेवले, तर भांडायला भक्कम जागा आहे. पाच दिवस आधी कळवलं, तर कंपनी म्हणणार की केबिन रिकामी गेली, आणि तिचं म्हणणं अगदीच फेटाळता येणार नाही. शिवाय अनुचित म्हणून अट रद्द ठरवायचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाला दिलाय, जिल्हा आयोगाला (म्हणजे मेसेजमधल्या ‘ग्राहक मंचा’ला) नाही. मेसेजमध्ये हे कुठून असणार!

आता ‘घाईने कॅन्सल करू नका’. या एका वाक्यापायी आमचे सत्तर हजार गेले.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याची क्रूझ ठरवली होती. माणसं चार, केबिन दोन, भाडं १,४०,००० रुपये, वर पोर्ट चार्जेस, टिप्स आणि जीएसटी. निघायला १८ दिवस असताना त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधूनच मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, “काळजी करू नका मॅडम, मेडिकल केस आहे, मी बोलतो कंपनीशी.” ऑपरेशन, रक्ताची सोय, रात्रीची जागरणं यात पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी त्याचा मेसेज आला, “मॅडम, एकदा मेल टाकून ठेवा ना.” मी मेल टाकला. अटींमध्ये लिहिलं होतं: १५ दिवसांहून जास्त अवधी असेल तर निम्मं भाडं परत, त्याहून कमी असेल तर शून्य. आणि कॅन्सलेशनची तारीख म्हणजे लेखी सूचना पोचल्याची तारीख. माझा मेल पोचला तेव्हा १३ दिवस उरले होते. फोन कुणाच्या हिशेबात आलाच नाही.

म्हणून, डॉक्टर ‘बघू’ म्हणाले तरी आपण रिफंड घटतो त्या टप्प्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडायच्या आणि टप्पा ओलांडायच्या आत एजंट व कंपनी दोघांनाही मेल टाकायचा. त्यातच तारीख पुढे ढकलून मिळेल का, हेही विचारायचं. वैद्यकीय कारणावर कंपन्या सहसा पैसे देत नाहीत, पण कधीकधी पुढच्या फेरीची क्रेडिट नोट देतात. सर्टिफिकेट कामाला येतं ते इथे. एकच माणूस आजारी असेल तर दुसऱ्याला त्याच केबिनचं एकट्याचं भाडं भरावं लागू शकतं, तेही आधीच विचारून घ्या.

मेसेज ‘पूर्ण पैसे’ म्हणतो आणि एजंट ‘काहीच नाही’ म्हणतो. दोघंही बिल उघडून बघत नाहीत. पोर्ट चार्जेस प्रवाशामागे आकारतात. आपण चढलोच नाही, तर तो खर्च कंपनीला झालेलाच नाही. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या अटींत हे पैसे परत द्यायची तरतूद असते. आधीच भरलेल्या टिप्स, ड्रिंक्स पॅकेज, किनाऱ्यावरच्या सहली यांचंही तेच. आम्हाला या खात्यातले २६,००० मिळाले, पण दुसऱ्या मेलनंतर, आणि तेही मी बिलातल्या ओळी एकेक करून लिहून मागितल्यावर.

विम्याचा तर मेसेजमध्ये शब्दही नाही, आणि आजारपणात बुडालेले पैसे देणारी खरी जागा तीच. प्रवास विम्यात ‘ट्रिप कॅन्सलेशन’ आहे का, आधीपासूनचे आजार वगळलेत का, हे पॉलिसी घेतानाच वाचायचं. क्लेम करताना डॉक्टरच्या कागदासोबत कंपनीचं कॅन्सलेशन बिलही लागतं, कारण विमा देतो तो कंपनीने परत न केलेला भाग. क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करायची, आणि तीही फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं. ५० लाखांपर्यंतचा दावा, फी नाही, आणि मुंबई-पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत. आम्ही विमा घेतला नव्हता. गोव्यापर्यंत तर जायचंय, म्हटलं.

कार्डाचे पैसे उलटे घेण्याबद्दल थोडक्यात: आपणच रद्द केलं आणि अटींना होही आपणच म्हटलं होतं, तर कंपनी ते कागद बँकेला देते आणि वाद तिथेच संपतो. हा मार्ग चालतो तो कंपनीने रिफंड लेखी कबूल करूनही दिला नाही तर.

राहिलं ते खरं वाक्य. वकील लागत नाही. ५ लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेला फीही नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी परदेशी असेल तर इथल्या एजंटलाही प्रतिवादी करायचं. मुदत २ वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून बघावा. ते कंपनीकडे पाठपुरावा करतात, आदेश मात्र देऊ शकत नाहीत. आणि ग्राहक मंचाला आता मंच नाही, जिल्हा आयोग म्हणतात. मीही तक्रार लिहायला बसले होते. बिल, अटी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळं फाइलला लावलं. १८ दिवस उरले होते त्या दिवशीचा मेल तेवढा नव्हता.