पहिलं वर्ष कठीण जातं

कांदा जाऊन आज तेरा दिवस झाले. माणूस गेला असता तर एव्हाना गोडाचं जेवण होऊन मंडळी आपापल्या घरी परतली असती. कांद्यासाठी असा काही विधी नाही. बाहेर पाऊस कोसळतोय, आत कढई तापलीय, खेकडाभज्यांचा वास हॉलपर्यंत आलाय आणि माझ्यापुढे बटाट्याच्या भज्यांची बशी आहे. "तुझी आधी तळून घेतली हो, कोऱ्या तेलात," असं आई कौतुकानं सांगून गेली.

या सगळ्याला तैपेईतली ऐंशीच्या घरातली एक बाई जबाबदार आहे.

तैवानला का गेलो, व्हिसा कसा मिळाला, विमानात शेजारी कोण होतं, हे सगळं सोडून देऊ. हिला तिथे स्वयंपाकाचा क्लास करायचा होता. दुपारी दोन ते सहा, माणशी अडीच हजार तैवानी डॉलर. म्हणजे आपले सात हजार रुपये भरायचे, कणीक आपणच मळायची, भाज्या आपणच चिरायच्या आणि शेवटी आपण केलेलं आपणच खायचं. डोंबिवलीत हा अनुभव हिला रोज फुकट मिळतो, असं मी म्हणालो. "मला मिळतो, तुला नाही," असं ती म्हणाली आणि दोघांचे पैसे भरले.

फॉर्मवर 'शाकाहारी' असा एक चौकोन होता. श्रावण चालू होता आणि निघताना मी आईला शब्द दिला होता. चौकोनात खूण केली. हिनं केली नाही. "समुद्र ओलांडला की श्रावण लागू होत नाही," असं तिचं म्हणणं. (खरं तर चंद्र तिथेही तोच असतो. त्यांचा सातवा महिना म्हणजे बहुतेक वर्षी आपला श्रावणच. क्लासच्या दिवशी आपल्याकडे नारळी पौर्णिमा होती आणि त्यांच्याकडे भुतांच्या महिन्यातली मोठी पौर्णिमा. दुकानादुकानांपुढे टेबलं मांडलेली, वर फळं, वेफर्सची पाकिटं, शीतपेयांचे डबे आणि उदबत्त्या. आपले पितर खीर-वड्यांवर भागवतात. त्यांचे भटके आत्मे इन्स्टंट नूडल्स खातात.)

तर मी त्या चौकोनात शाकाहारी झालो. भाबडेपणानं. शाकाहार म्हणजे मांस-मच्छी नाही, संपलं, अशी माझी समजूत. तैवानात पाकिटांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापलेले असतात. अंड्यासह, दुधासह, अंडं-दूध दोन्हीसह, कांदा-लसूण वर्गातल्या भाज्यांसह आणि सगळ्यांच्या वर 'च्वान-सू', म्हणजे पूर्ण शुद्ध. त्यात मांस नाही, अंडं नाही, दूध नाही आणि कांदा, लसूण, पात यांतलं काहीही नाही. क्लासवाल्यांनी मला थेट वरच्या वर्गात बसवलं होतं.

हे मला कळलं तेव्हा ॲप्रनवर हिरवं स्टिकर चिकटलं होतं. त्यावर एक चिनी अक्षर, 'सू'. शाकाहारी. शेजारी पेनानं काढलेलं छोटं स्वस्तिक. तिथल्या शाकाहारी खाणावळींच्या पाट्यांवर ते असतंच, फक्त आपल्या स्वस्तिकाच्या उलट वळणाचं. आधी मला बरं वाटलं. परदेशात कुणीतरी आपला मान ठेवला म्हणून.

क्लास एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होता. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'लाओशी' म्हणत होते. मास्तर आणि मास्तरीण दोघांनाही तोच शब्द. आम्ही सहाजण. एक ऑस्ट्रेलियन जोडपं, दोन कोरियन मुली आणि आम्ही. आणि खिडकीशी स्टुलावर बसून मोडांच्या शेपट्या खुडत असलेल्या लाओशींच्या आई. म्हणजे 'आमा'. तैवानीत आजीला आमा म्हणतात. क्लासशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या तिथे राहत होत्या, इतकंच.

त्यांनी माझं स्टिकर पाहिलं. मोडांचं घमेलं खाली ठेवलं. लाओशींना काहीतरी विचारलं. उत्तरात मला 'इंडू' एवढंच कळलं, म्हणजे इंडिया. आमा उठल्या, माझ्यापुढे आल्या आणि दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "अमितोफो." म्हणजे अमिताभ बुद्धाचं नाव.

"आमा विचारतात," लाओशी म्हणाल्या, "तुम्ही बुद्धांच्या गावचे का?"

आता डोंबिवली ते बोधगया हे अंतर कुणाला कसं समजावणार? मी म्हटलं, त्याच देशातला. बस्स. लाओशींनी याचं भाषांतर नेमकं काय केलं, ते मला आजतागायत माहीत नाही. पण त्या क्षणापासून माझं शील सांभाळण्याची जबाबदारी आमांनी स्वतःकडे घेतली.

पहिला पदार्थ होता चोंग-यो-बिंग. सोप्या मराठीत कांद्याच्या पातीचा पराठा. गरम पाण्यात कणीक भिजवायची, मोठी पोळी लाटायची, तेल पसरायचं, मीठ भुरभुरायचं, वर पात पेरायची, गुंडाळी करायची, तिची गोगलगाय करायची, परत लाटायची, तव्यावर खरपूस भाजायची. पात सानशिंगची होती. यिलान जिल्ह्यातलं सानशिंग म्हणजे पातीचं लासलगाव. तिथली पात लांब, पांढरा दांडा हातभर, चिरताना करकर वाजते. लाओशींनी सगळ्यांपुढे एकेक जुडी ठेवली. माझ्यापुढे एक गाजर ठेवलं.

गाजराबद्दल माझी तक्रार नाही. गाजरानं माझं काही वाकडं केलेलं नाही. पण ज्या पदार्थाचं नावच पात आहे त्यातून पात काढली की उरते ती पोळी. लहानपणी आईची तिसरी पोळी ताटात पडायची, तशी. तेवढ्यासाठी मी तैपेईला आलो नव्हतो.

मी लाओशींना खुणेनं सांगितलं की मला पात चालते. त्या ऑस्ट्रेलियन बाईच्या बोटाला पट्टी बांधण्यात गुंतल्या होत्या. तिनं पात चिरता चिरता बोटही चिरून घेतलं होतं. मग मी हळूच हिच्या जुडीतले दोन दांडे उचलले.

चट्कन आवाज झाला. माझ्या मनगटावर.

आमा. हातात लाटणं. त्यांचं लाटणं आपल्यापेक्षा बारीक असतं, टाचणवहीच्या पट्टीसारखं. चवथीत देशमुख बाईंकडून खाल्ल्यानंतर एवढं चपखल मी कुठेच खाल्लं नव्हतं. आमांनी दांडे परत हिच्यापुढे ठेवले, नकारार्थी बोट हलवलं आणि मला गाजराकडे वळवलं. हिच्याकडे मात्र त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की पत्रिका न बघता लग्न ठरलंय हे त्यांच्या लक्षात आलंय.

मी फोन काढला. भाषांतराच्या ॲपमध्ये मराठीत बोललो, "मी कांदा खातो. मला पात हवी आहे." पडद्यावर चिनी अक्षरं उमटली. आमांनी चष्मा शोधला. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता, ते मी दाखवलं, तर त्यांनी प्रेमानं माझा गाल धरला. अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. मग फोन खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय हळू, समजुतीच्या सुरात बराच वेळ काहीतरी बोलल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आसपास पाच जुड्या पात चिरली जात होती म्हणूनही असेल.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"आमा म्हणतात, पहिलं वर्ष कठीण जातं. मग इच्छा होत नाही."

"पण मी काही व्रत घेतलेलं नाही!"

लाओशींनी हे सांगितलं. आमांनी मान डोलवली आणि एका वाक्यात उत्तर दिलं.

"त्या म्हणतात, त्यांचे यजमानही असंच म्हणायचे."

यावर काय बोलणार? मी पोळी लाटली.

पुढे प्रकरण हाताबाहेर गेलं. दुसरा पदार्थ सानबेइजी, म्हणजे तीन पेल्यांचं चिकन. एक पेला तिळाचं तेल, एक सोया सॉस, एक तांदळाची दारू, शेवटी वरून मूठभर बेसिल. तिथे बेसिलला 'नऊ मजल्यांचा मनोरा' असं भरदार नाव आहे. माझ्यासाठी चिकनऐवजी जाड मश्रूम. चालेल. लसूण नाही. बरं. मग मी दारूचा पेला उचलला आणि मनगटाकडे पाहिलं. आमा हसल्या. पेला काढून घेतला. माझे दोनच पेले झाले. नऊ मजल्यांचा मनोरा तेवढा पुरा मिळाला.

तिसरा पदार्थ शिआओलोंगबाओ, उकडलेल्या, रस्सा भरलेल्या पुरचुंड्या. मराठी वाचक केव्हापासून उकडीच्या मोदकाची वाट बघत असतील, म्हणून सांगून टाकतो: हो, तसंच. हो, अठरा चुण्या म्हणजे उत्तम मानतात. हो, हिच्या एकोणीस आल्या. पुरचुंडीतला रस्सा म्हणजे डुकराच्या कातड्याचा गोठवलेला अर्क, तो वाफेवर वितळतो. माझ्या पुरचुंडीत टोफू, मश्रूम आणि (ओळखा पाहू) गाजर. वितळायला काहीच नव्हतं. माझं मन तेवढं वितळत होतं.

चौथा पदार्थ बबल टी. इथे मला आशा होती. त्यातले काळे गोळे टॅपिओकाच्या पिठाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचे सख्खे भाऊ. उपासाला बसणारा माल. पण शुद्ध वर्गात दूध नाही. श्रावणात, गोकुळाष्टमी आठवड्यावर आलेली असताना, मी डोळ्यांदेखत दुधाला मुकलो. कोऱ्या चहात साबुदाणा टाकून कुणी कधी प्यायलंय का? मी प्यायलोय.

आता जरा कडू बोलतो. हल्ली कुणी वस्तू विकत नाही, सगळे 'अनुभव' विकतात. अनुभवाची पावती मिळते, पण मोजमाप नसतं. मला चिकन नाही, डुकराचं मांस नाही, पात नाही, लसूण नाही, दारू नाही, दूध नाही. बिलात मात्र काहीही वगळलेलं नव्हतं. सात हजारांत दोन गाजरं, मूठभर मश्रूम आणि पीठ. याबद्दल विचारलं तर लाओशी गोड हसून म्हणाल्या की शाकाहारींसाठी वेगळी तयारी करावी लागते, तिचे जास्तीचे पैसे आम्ही घेत नाही. शिवाय फॉर्मवर एकच चौकोन. पाकिटावर पाच प्रकार छापणाऱ्या देशात फॉर्मवर पाच चौकोन छापायला काय झालं होतं? पण हे मी बोललो नाही. आमा बघत होत्या.

रात्री हॉटेलात मी 'शुद्ध' वर्गाला वर्ज्य असलेल्या, कांदा-लसूण वर्गातल्या पाच वस्तूंबद्दल रागारागानं वाचत बसलो. जुन्या ग्रंथांत पाचवी वस्तू 'शिंगच्यू' म्हणून दिलीय. मूळ संस्कृत हिंगू. हिंग! म्हणजे कांदा-लसूण बंद असताना ज्या हिंगावर आपल्याकडच्या कितीतरी आज्यांनी चातुर्मास काढले, तोही यांच्या यादीत. हिच्या बॅगेत प्रवासासाठी घेतलेली हिंगाची डबी होती. आमांनी बॅग तपासली नाही, हे आमचं नशीब.

पण क्लास अजून संपला नव्हता. सगळे जेवायला बसले. पाचजणांच्या पराठ्यांतून हिरवी पात डोकावत होती, वास असा की भिंतीलाही भूक लागावी. ही मिटल्या डोळ्यांनी चावत होती. मी म्हटलं, एक तुकडा दे. तिनं आमांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको रे, म्हातारीला वाईट वाटेल." सतरा वर्षांच्या संसारात माझ्या आईला वाईट वाटेल म्हणून तिनं काही टाळल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात खालून संगीत ऐकू आलं. बेथोवेनचं 'फ्युर एलिझ'. आइस्क्रीमची गाडी असावी म्हणून मी आशेनं उठलो. ती कचऱ्याची गाडी होती. तैवानात घंटागाडी पियानो वाजवत येते आणि लोक पिशव्या घेऊन धावत खाली जातात, कारण कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, गाडीतच टाकायचा. आमांनी निळी पिशवी स्वतः उचलली आणि ओल्या कचऱ्याची बादली माझ्या हातात दिली. इतरांना सोडून मलाच. विश्वासातला माणूस म्हणून.

तीन जिने मी ती बादली घेऊन उतरलो. आत पाच जुड्या पातींचे बुंधे, मुळं, वाळकी टोकं. वास ताजा. एका वळणावर आमा पुढे होत्या आणि मी, खोटं कशाला सांगू, बादलीत नाक घातलं. वर बघतो तर त्या थांबून वळून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसती मान हलवली, आपल्या यजमानांना पाहिल्यासारखी. मग मी माझ्या हातानं ती पात गाडीच्या पिंपात ओतली आणि बेथोवेन पुढच्या गल्लीत गेला.

दुसऱ्या दिवशी रात्रबाजारात जाऊन एकाच वेळी चार पराठे खायचे, असं मी ठरवलं होतं. पण आधी आईचा फोन आला. श्रावण पाळतोयस ना? मी चिडलेलो होतो, फुशारकीनं सगळं सांगितलं. मांस नाही, अंडं नाही, आणि ऐक, कांदा-लसूणसुद्धा नाही.

पलीकडे क्षणभर शांतता. आमच्याकडे कांदेनवमी कधी साजरी झाली नाही, कारण त्यानंतर कांदा कुणी सोडलाच नाही. माझे आजोबा उपासाच्या आदल्या रात्री बुक्कीनं कांदा फोडून खायचे.

"कांदासुद्धा?" आईचा आवाज भरून आला होता. "अरे, आपल्या घरात हे कुणाला जमलं नाही रे. आता सोडलायस ना, तर कार्तिकीपर्यंत नको खाऊस. एवढा चातुर्मास पुरा कर."

मी म्हटलं, आई, ते सहज, एका दिवसापुरतं...

"जमेल," आई म्हणाली. "पहिल्यांदा थोडं कठीण जातं."

कढईतला दुसरा घाणा निघालाय. ही बशी घेऊन माझ्या शेजारीच येऊन बसलीय.