सुटका कुणाच्या हातात

२०२५च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. एका तटात मी एकटी, जर्मनीत बसून विरोध करणारी. दुसऱ्यात बाकी सगळे, आणि त्यांचा म्होरक्या माझा आतेभाऊ. दादा हिंजवडीत आयटीत आहे, बराच वर पोचलाय. कारखान्याची पायरी त्यानं कधी चढलेली नाही, पण कामगारानं यंत्रापुढे किती तास उभं राहावं याबद्दल त्याचं मत ठाम आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ताणबिण सगळा मनाचा खेळ. आजोबा पहाटेपासून अंधार पडेपर्यंत रानात राबायचे, त्यांना कुठे बर्नआउट झाला? आजच्या पोरांना कष्ट नकोत, म्हणून हे नवे आजार निघाले. आणि माझ्यासाठी राखून ठेवलेला बाण शेवटी : 'अगं, तुझा चान्सलरच म्हणतोय ना, की चार दिवसांचा आठवडा आणि वर्क-लाइफ बॅलन्स करत बसलात तर समृद्धी टिकायची नाही?'

चान्सलर मेर्त्स तसं म्हणाले होते खरे, त्याच वर्षीच्या मे महिन्यात. जर्मनीतल्या एरवी कुठल्याही बातमीशी दादाला देणंघेणं नसतं. ही मात्र बरोबर पोचली.

मला खरी चीड आली ती 'मनाचा खेळ' या दोन शब्दांची. दादाच्याच ऑफिसात मागे ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा झाली होती. शनिवारी. हजेरी सक्तीची. फोटो ग्रुपवर आले : ओळीनं सगळे डोळे मिटून बसलेले, लॅपटॉप मांडीशेजारी. प्रशिक्षकानं म्हणे पडद्यावर उलट्या वाटीसारखी रेघ दाखवली. ताण वाढला की काम सुधारतं, फारच वाढला की घसरतं, तेव्हा थोडा ताण हवाच. ही रेघ यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ सालच्या प्रयोगापर्यंत मागे जाते. प्रयोग उंदरांवरचा होता आणि चुकलं की उंदरांना विजेचा झटका बसायचा. एवढा तपशील कार्यशाळेत सांगत नसावेत.

उंदरांवरूनच बोलायचं तर ताणाचा अभ्यास करणारे हान्स सेल्ये. १९३६ साली माँट्रियलहून त्यांनी एक छोटं टिपण छापलं. उंदीर थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, नाहीतर औषध टोचा. कारण काहीही असलं तरी आतली पडझड तीच. ॲड्रिनल ग्रंथी फुगते, थायमस आक्रसते, जठरात व्रण पडतात. त्या उंदरांना कुणी 'सकारात्मक विचार करा' असं सांगितलं असतं तर व्रण भरले नसते.

माणसाचं याहून फार वेगळं नाही. अंगावर काही धावून आलं की ॲड्रिनलिन, मागोमाग कॉर्टिसॉल. हृदय धडधडतं, रक्तातली साखर वाढते, पचन-झोप वगैरे कामं शरीर बाजूला ठेवतं. धोका टळला की सगळं जागेवर येतं. तेवढ्यापुरता हा ताण उपकारकच. पण रात्री अकराला 'एक छोटंसं काम होतं' असा मेसेज रोज येणार असेल तर धोका टळतच नाही. मग रक्तदाब, साखर, उडालेली झोप. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त असतो. त्यानंतर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांकडे ७० तास मागितले. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रमण्यन ९० वर गेले, वर विचारते झाले की घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार. दादा दोघांचा भक्त.

पण तासांवर भांडलं की दादा जिंकतो, कारण तो स्वतः साठच्या वर तास काम करतो आणि त्याची तब्येत ठणठणीत आहे. म्हणून मी ग्रुपवर लंडनच्या सरकारी नोकरांची पाहणी काढली. ती १९६७ मध्ये सुरू झाली. समज असा होता की साहेबाच्या डोक्याला ताप, म्हणून साहेबाला हार्ट अटॅक. निघालं उलटंच. सर्वांत खालच्या दर्जाचे नोकर हृदयविकारानं वरच्या साहेबांच्या साधारण तिप्पट प्रमाणात मरत होते आणि सिगारेट, रक्तदाब धरूनही तेवढा फरक भरून निघेना. संशोधक मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून दुसरी पाहणी केली, तेव्हा एक गोष्ट ठळक झाली : आपल्या कामावर आपला ताबा किती. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, कसं करायचं हे ज्याला ठरवता येत नाही, त्याचं हृदय जास्त झिजतं.

म्हणजे दादा, तू साठ तास काम करतोस आणि मीटिंग कधी ठेवायची तेही तूच ठरवतोस. तुझ्या टीममधली ती पोरं मीटिंगला हजर राहतात.

आजोबांकडेही येऊ, कारण दादा सारखा तिकडेच जातो. आजोबा राबायचे, खरंच राबायचे. पण ऊन चढलं की आंब्याखाली पाठ टेकायची हे त्यांचं तेच ठरवत. औत कधी सोडायचं हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. पावसाशिवाय त्यांना साहेब नव्हता. त्यांच्याच रानात रोजंदारीनं खुरपायला येणाऱ्या बायकांना मात्र आंब्याखाली बसायला आजोबांची परवानगी लागायची. 'पूर्वी ताण नव्हता' म्हणणाऱ्यांनी त्या बायकांना कधी विचारलेलं नाही. मीही नाही, पण निदान मी तसं म्हणत नाही.

बारा तासांच्या निर्णयात मला खुपतो तो हाच ताबा. जादा वेळाचे दुप्पट पैसे मिळतील, तिमाहीची ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर जाईल, आणि कामगाराची लेखी संमती लागेल. संमती! ज्याचं कंत्राट दर काही महिन्यांनी नव्यानं होतं, तो सुपरवायझरनं पुढे केलेल्या कागदावर 'नाही' लिहील?

इथे जर्मनीत कामाच्या तासांचा १९९४चा कायदा आहे. दिवसाला ८ तास, फार तर १०, तेही पुढे सरासरीत वळते करायचे, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास मोकळे. २०१३ पासून आवाज, धूळ, रसायनं यांच्याबरोबर मनावरचा भारही कामाच्या जागेचा धोका म्हणून तपासणं मालकाला बंधनकारक आहे. (सगळे तपासतात असं नाही, पण कायद्यात लिहिलंय.) फोक्सवागननं २०११ मध्ये बेट्रीब्सराटशी, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या मंडळाशी, ठरवून पाळी संपल्यावर अर्ध्या तासानं कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर ईमेल जाणंच थांबवलं. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये 'राइट टु डिस्कनेक्ट'चं, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं, खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, आणि २०२५च्या डिसेंबरात पुन्हा. खासगी विधेयकांचं सहसा जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दादाकडे यालाही उत्तर होतं. जर्मनीत माणशी वर्षाला १५च्या आसपास दिवस आजारपणाची रजा पडते, अर्थव्यवस्था थंडावली आहे, आणि तुमचंच सरकार रोजची मर्यादा काढून आठवड्याची आणायला निघालंय. तिन्ही गोष्टी खऱ्या. मी त्यावर एवढंच लिहिलं की आजारी माणूस घरी राहिला तर ते व्यवस्थेचं यशच आहे, आणि मग दोन दिवस ग्रुप उघडला नाही. कायदा बदलायच्या प्रश्नावर मी काही लिहिलं नाही. सोयीचं नव्हतं.

ग्रुपवर आणखी एक गोष्ट लिहिली नाही. मागच्या हिवाळ्यात हाउसआर्ट्स्टनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, मलाच काही आठवडे क्रांकगेश्रीबन केलं, म्हणजे आजारपणाची रजा लिहून दिली. कारण होतं झोप. माझा आठवडा टारिफप्रमाणे, म्हणजे संघटनेनं केलेल्या कराराप्रमाणे, ३५ तासांचा. साडेचारला मी ट्राममध्ये असते. रात्री मला कुणीही ईमेल पाठवत नाही. कंपनीकडे गेलेल्या नोंदीत आजाराचं नावही नव्हतं, तसा नियमच आहे, आणि त्या सगळ्या काळात ऑफिसातून एकही फोन आला नाही. कायद्यानं जसं हवं तसं सगळं झालं. शेजारीण एकदा दार वाजवून गेली, ती केअरवोखची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची, पाटी माझ्या दाराला अडकवायला. थेरपिस्टकडे महिनोन्महिन्यांची यादी होती. तोवर क्रांकनकासेनं, म्हणजे आरोग्य विम्यानं, योगवर्गाचे पैसे दिले. तिथे एका पिकल्या केसांच्या जर्मन बाईनं मला अनुलोम-विलोम शिकवलं, माझा अंगठा धरून नाकपुडीवर नीट ठेवला. आजोबा रोज ओटीवर बसून हेच करायचे आणि आम्ही पोरं मागे खिदळायचो. सांगायला हवं की उपयोग झाला. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके खरंच उतरतात. दादाला हे कळलं तर त्याचा विजय पक्का, म्हणून कळू दिलेलं नाही. आईला सांगितलं, सर्दी झालीय.

झोप का उडाली होती, तर आईमुळे. ती साताऱ्यात एकटी असते. तिथे सकाळ होते तेव्हा इथे रात्रीचे तीन वाजलेले असतात, आणि तिला बरं वाटत नसलं की फोन त्याच वेळी येतो. कधी कधी येत नाही, तरी मी तीनला टक्क जागी. सलग ११ तासांच्या मोकळीकीचा नियम या फोनला लागू नाही. भर म्हणून ड्रॉवरमध्ये नागरिकत्वाचा अर्ज आहे. जर्मनीला २०२४च्या जूनपासून दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. अर्ज कधी भरायचा, भरायचा की नाही, हे ठरवायला मला कुणाचीही परवानगी लागत नाही. वेळ माझा, ताबा माझा, निर्णय माझा. लंडनच्या पाहणीप्रमाणे मला याचा त्रास कमीत कमी व्हायला हवा.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप चढला, तेव्हा हिंजवडीतलं काम रात्री उरकून दादा गाडी काढून साताऱ्याला गेला. पहाटे डॉक्टर, रक्ततपासणी, दुपारी मामीला पेज भरवत हेडफोन लावून कॉल. दुसऱ्या दिवशी परत ऑफिस. ग्रुपवर त्यानं एवढंच टाकलं, 'मामी ठीक आहे.' त्या आठवड्यात त्याचे किती तास भरले असतील ते मी मोजायला बसले आणि सोडून दिलं. मी इथे साडेचारला सुटते, ऑफिसच्या फोनला हात न लावता झोपते आणि ताणावर आकडेवारी पाठवते, कारण तिकडचा माझा भाग तो उचलतो. त्याला कोणता कायदा सलग ११ तास देतो?

बारा तासांबद्दल माझं मत बदललेलं नाही. उलट दादाच्याच कंपनीपासून मर्यादा घालायला सुरुवात करावी असं मला वाटतं, आणि परवा फोनवर मी त्याला तसं म्हटलंही. तो हसला. म्हणाला, 'चालेल की. मग या शनिवारी मामीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तू येतेस का?'