गदा कुणीही देईल, मैदान कोण देणार?

परदेशातून : डंडी, स्कॉटलंड

२०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राला एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. पुण्याजवळ फुलगावात सिकंदर शेख आणि धाराशिवात शिवराज राक्षे. दोघेही तयारीचे पैलवान, दोघांनीही कुस्त्या मारूनच गदा उचलली. पण संघटनेत गट दोन, म्हणून केसरीही दोन. तेव्हापासून कोल्हापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. तात्यांचं म्हणणं एकच: "गदा कुणीबी देईल, पोरी. मैदान कुठलं आणि मागं वर्षं किती, ते बघायचं." आणि विषय महिला महाराष्ट्र केसरीकडे वळला की आमचा दादा हटकून विचारतो, "पोरींच्या कुस्तीला पैसा घालणार कोण? बघायला येणार कोण?"

मी राहते त्या गावातून टे नदीचा पूल ओलांडला की थोड्या वेळात सेंट अँड्र्यूज येतं. इथे वाद कुस्तीचा नसतो, गोल्फचा असतो. स्त्रियांच्या गोल्फच्या मोठ्या स्पर्धा, ज्यांना मेजर म्हणतात, त्यांचं पुढे काय व्हायचं, यावर माणसं तावातावाने बोलतात. ते ऐकताना मला सारखे आमचे तात्या आठवतात.

पैशाचं आधी सांगते, कारण दादाचा पहिला प्रश्न तोच आहे. पैसा आला आहे, भरपूर आला आहे. ब्रिटनमधल्या विमेन्स ओपन या मेजरची एकूण बक्षिसाची रक्कम २०१८ मध्ये साडेबत्तीस लाख डॉलर होती, २०२४ मध्ये ती ९५ लाखांवर गेली. अमेरिकेतल्या यूएस विमेन्स ओपनची रक्कम १ कोटी २० लाख डॉलर झाली. पुरुषांच्या यूएस ओपनला २०२५ मध्ये २ कोटी १५ लाख होते, म्हणजे अंतर अजून मोठं आहे. तरी ते कमी होत आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पुरुषांच्या चार मेजर कोणत्या, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. स्त्रियांच्या मेजरची यादी मात्र दर पिढीत बदलत आली आहे. पॅटी बर्ग हे नाव घ्या. १९५० मध्ये तेरा जणींनी एलपीजीए ही व्यावसायिक गोल्फपटू बायकांची संघटना उभी केली, त्यातली ही एक आणि संघटनेची पहिली अध्यक्ष. तिच्या नावावर १५ मेजर आहेत. इतक्या दुसऱ्या कुठल्याच बाईच्या नावावर नाहीत. त्या पंधरांपैकी सात टायटलहोल्डर्स स्पर्धेतल्या, सात वेस्टर्न ओपनमधल्या आणि एक यूएस विमेन्स ओपन. पहिल्या दोन्ही स्पर्धा कधीच बंद पडल्या. म्हणजे पंधरातले चौदा विजय ज्या स्पर्धांतले, त्या स्पर्धाच आज उरलेल्या नाहीत. नव्या मुलीला "मी पॅटी बर्गनं जिंकलेली स्पर्धा जिंकले" असं म्हणायचं असेल, तर तिला एकच स्पर्धा शिल्लक आहे. आपल्याकडे १९६१ साली दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. आजचा पोरगा तीच गदा मागतो, म्हणून दह्यारींचं नाव अजून निघतं. किताब टिकला तर जुनी माणसं टिकतात.

कॅनडातल्या ड्यु मॉरिएचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९७९ पासून २००० पर्यंत ती मेजर होती. नाव सिगारेटच्या कंपनीचं. कॅनडाने तंबाखूच्या प्रायोजकत्वावर कायद्याने बंदी आणली, कंपनीचा पैसा गेला आणि त्याबरोबर मेजरचा दर्जाही गेला. तो २००१ पासून ब्रिटनच्या विमेन्स ओपनला मिळाला. कायदा योग्यच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एका कंपनीचा हात सुटल्यावर एका देशाची मेजरच नाहीशी व्हावी, हे मला फार लागतं.

आज जिला शेव्हरॉन चॅम्पियनशिप म्हणतात, ती १९७२ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, मिशन हिल्सच्या मैदानावर व्हायची. आधी नाव कोलगेट आणि गायिका डायना शोर यांचं, मग नबिस्को, मग क्राफ्ट नबिस्को, मग जपानची विमान कंपनी एएनए, आता तेल कंपनी. जिंकणारी खेळाडू शेवटच्या, अठराव्या खड्ड्याच्या हिरवळीशेजारच्या तळ्यात उडी मारते, ही १९८८ मध्ये एमी अल्कॉटने पाडलेली रीत. २०२२ नंतर स्पर्धा टेक्सासला हलली. टेक्सासलाही विजेती पाण्यात उडी मारतेच. पण मिशन हिल्सवर पन्नास वर्षांत बायकांनी जे कमावलं होतं, ते ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. पैसा वाढला म्हणून हलवली, असं सांगतात. असेलही. मला तो सौदा पटलेला नाही.

मग उपाय काय? इथले बरेच जण अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या खाजगी क्लबाकडे बोट दाखवतात. पुरुषांची मास्टर्स ही मेजर जिथे होते तिथे बायकांची मास्टर्स भरवली की प्रश्न संपला, असं त्यांना वाटतं. ऑगस्टा नॅशनलने पहिल्या महिला सदस्य घेतल्या त्या २०१२ मध्ये. २०१९ पासून तिथे हौशी मुलींच्या स्पर्धेची शेवटची फेरी होते आणि ती बघायला लोक लोटतात. सुरुवातीची काही वर्षं ती फेरी नेमकी व्यावसायिक बायकांच्या त्या वाळवंटातल्या मेजरच्याच आठवड्यात यायची. शेवटी २०२३ मध्ये मेजरलाच तारीख पुढे न्यावी लागली. तरी बायकांची मास्टर्स तिथे भरवावी, या मताची मी नाही. खाजगी क्लबाच्या मर्जीवर मिळालेलं मैदान उद्या मर्जी फिरली की जातं. त्याच ऑगस्टा नॅशनलच्या कुंपणाला लागून असलेल्या ऑगस्टा कंट्री क्लबवर पॅटी बर्गची टायटलहोल्डर्स रंगायची. शेजारची पुरुषांची स्पर्धा अजून जोरात आहे, ही गेली.

मला आशा वाटते ती इथे, सेंट अँड्र्यूजला. १८६७ मध्ये इथे बायकांचा पहिला गोल्फ क्लब निघाला तो फक्त पटिंगपुरता, म्हणजे हिरवळीवर चेंडू हलकेच खड्ड्यात ढकलण्यापुरता, कारण बाईने खांद्यावर हात नेऊन काठी फिरवणं तेव्हा शोभत नसे. इथल्या ओल्ड कोर्स या मैदानावर व्यावसायिक बायकांची स्पर्धा, म्हणजे विमेन्स ओपन, व्हायला २००७ उजाडलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती तिथे तिसऱ्यांदा झाली. मी बघायला गेले होते. वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. पॅरिसचं सुवर्णपदक जिंकून जेमतेम दोन आठवडे झालेल्या लिडिया को हिने शेवटच्या हिरवळीवर बर्डी मारून, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेऊन, किताब घेतला, तेव्हा आजूबाजूला घरांच्या खिडक्यांतूनही माणसं बघत होती. हे मैदान गावाचं आहे. रविवारी एरवी तिथे गोल्फ बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरायला येतात.

आणि किताबाला असं वजन आलं की तो दारंही उघडतो. एडिंबराजवळच्या मुइरफील्ड क्लबाने २०१६ मध्ये बायकांना सदस्यत्व नाकारलं. आर अँड ए या नियामक संस्थेने लगेच सांगितलं, मग तुमच्याकडे ओपन, म्हणजे ब्रिटनमधली पुरुषांची मेजर, होणार नाही. २०१७ मध्ये फेरमतदान झालं, निर्णय बदलला. २०२२ मध्ये त्याच मुइरफील्डवर विमेन्स ओपन झाली आणि दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाई अंधार पडेपर्यंत बरोबरी फोडण्यासाठीचा प्लेऑफ खेळून जिंकली.

फ्रान्सच्या एव्हियाँला २०१३ मध्ये पाचवी मेजर केली, त्यावर अजून नाकं मुरडतात. कोर्स तितक्या तोलाचा नाही म्हणे. पण १९९४ पासून ती एकाच मैदानावर टिकून आहे, म्हणून मी तिच्या बाजूची. अमेरिकेची गोल्फ संघटना यूएसजीए आता बायकांची यूएस ओपन पुढची कित्येक वर्षं कुठे होणार ते आधीच जाहीर करते, तेही मला पटतं. २०२९ मध्ये अमेरिकेतल्या पाइनहर्स्टला पुरुषांची आणि बायकांची ओपन पाठोपाठ त्याच मैदानावर होईल.

आता दादाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. बघायला कोण येणार? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियम भरलेलं होतं आणि त्या संघाची उपकर्णधार आपल्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना होती. २०२२ मध्ये बीसीसीआयने मॅच फी सारखी केली, तेव्हाही असेच प्रश्न विचारले गेले होते. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीचं विश्वविजेतेपद आणलं, राही सरनोबतने २०१८ मध्ये एशियाडचं सुवर्ण. कोल्हापूरने त्यांना डोक्यावर घेतलं होतं. लोक येतात, दादा. त्यांना कुठे यायचं आणि कधी यायचं, हे ठरलेलं लागतं.

आणि ठिकाणाचं मोल कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, त्या रात्री इथे मोबाईलवर ते बघताना मला रडू आवरलं नाही. शेजारीच खासबाग. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पुरं केलेलं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसावी असं खोलगट बांधलेलं मैदान. त्याला कुठल्या कंपनीचं नाव लागलं नाही आणि कधी लागूही नये.

म्हणून तात्यांना आणि कोल्हापूरच्या तालमींना माझी विनंती आहे. महिला महाराष्ट्र केसरीसाठी खासबाग मागा. पाळीपाळीने इतर जिल्ह्यांत जायची असेल तर जाऊ दे, पण ठराविक वर्षांनी ती इथे परत आली पाहिजे, आणि महिना पक्का असला पाहिजे. प्रायोजकाचं नाव फलकावर खुशाल लावा, किताबाच्या पुढे लावू नका. संघटना एक राहो की दोन होवोत, विजेत्यांची यादी एकच ठेवा. आणि ती यादी २०२३ च्या सांगलीपासून, प्रतीक्षा बागडीच्या नावापासून सुरू करा.