अणूंची चित्रं बनावट असतात, या दाव्यात किती तथ्य आहे?

एका रेणूतली पाच षट्कोनी कडी स्वच्छ दाखवणारं चित्र, आणि त्याखाली ‘हे सगळं कॉम्प्युटरवर काढलेलं आहे’ असा मजकूर. ही जोडी सोशल मीडियावर पुन्हा पुन्हा फिरते. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: अणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान, म्हणून तो दिसूच शकत नाही. ज्या सुईने तो ‘पाहिला’ म्हणतात, तिचं टोकच अणूपेक्षा जाड असतं. रंग मागाहून भरलेले असतात. संशोधकांना हवं तेच दिसतं. आणि या यंत्राचा प्रत्यक्षात उपयोग काहीच नाही.

यातल्या काही मुद्द्यांत खरेपणाचा अंश आहे, म्हणूनच ते लोकांना पटतात. अशी चित्रं घेणारं हे यंत्र म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, थोडक्यात एएफएम. ते रोज वापरणाऱ्यांनी या मुद्द्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

प्रकाशाचा मुद्दा आधी. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर, आणि सिलिकॉनच्या स्फटिकात शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर 0.235 नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसणार नाही, हे अगदी बरोबर. पण एएफएम प्रकाशाने पाहतच नाही. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी 1986 साली मांडलेली कल्पना अशी की, एका लवचीक पट्टीच्या टोकाला सुई लावायची, ती पृष्ठभागाजवळ न्यायची आणि दोघांमधल्या बलामुळे पट्टी किती वाकते ते मोजायचं. आजच्या यंत्रांत लेझर असतो, पण तो पट्टीच्या पाठीवर पडतो आणि फक्त तिचं वाकणं टिपतो. नमुन्याचं चित्र त्या प्रकाशातून तयार होत नाही.

सुईच्या जाडीचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. नेहमीच्या सिलिकॉन सुईच्या टोकाची त्रिज्या 10 नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे अणूच्या कैक पट. अशी सुई नमुन्यावर टेकवून फिरवली की एकाच वेळी अनेक अणू अनेक अणूंना भिडतात. सुरुवातीच्या वर्षांत ग्राफाइट आणि अभ्रकावर अशीच चित्रं घेतली गेली. ठिपक्यांच्या सुरेख रांगा दिसायच्या, पण त्यांत एखादा गळलेला अणू कधी सापडायचा नाही. खऱ्या स्फटिकात अशा उणिवा असतातच. त्यामुळे त्या रांगा म्हणजे अनेक अणूंची सरासरी होती, सुटे अणू नव्हते. हा दोष याच क्षेत्रातल्या लोकांनी ओळखला आणि त्यावर उपाय शोधले.

फ्रान्झ गिसिबलने 1995 साली निर्वात पोकळीत, सुई न टेकवता, कंप पावत ठेवून सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचे अणू सुटे दाखवले. इथे मोजायचा असतो कंपनांच्या वारंवारितेत पडणारा फरक. जवळच्या पल्ल्याचं बल नॅनोमीटरच्या काही दशांशातच झपाट्याने विरतं, त्यामुळे सुईच्या अगदी पुढच्या अणूचाच वाटा वरचढ ठरतो. मागचा जाड भाग फक्त एक संथ पार्श्वभूमी देतो. 2009 साली झ्युरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत लिओ ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू बसवला आणि शून्याखाली सुमारे 268 अंश सेल्सिअसला पेंटॅसिन या रेणूची पाच कडी टिपली. फिरणारं चित्र बहुतेक वेळा हेच असतं.

रंग दिलेले असतात, हे खरंच आहे. यंत्र प्रत्येक बिंदूला एक आकडा देतं, उंचीचा किंवा वारंवारितेतल्या फरकाचा. नकाशात सह्याद्री तपकिरी छापला म्हणून त्याची उंची खोटी ठरत नाही, तसंच इथे आहे. आकडा मात्र पारखून घेता येतो. ग्राफाइटच्या एका थराची पायरी एएफएमवर मोजली तर ती 0.335 नॅनोमीटरच्या आसपास यायला हवी, कारण क्ष-किरणांनी हे अंतर स्वतंत्रपणे मोजलेलं आहे. यायला हवी तशी आली नाही, तर यंत्राचं मोजमाप पुन्हा लावायचं.

लॅबमध्ये ही पारख रोजची असते. अभ्रकाच्या तुकड्यावर सेलोटेप चिकटवून ओढला की वरचा पापुद्रा निघून येतो आणि ताजा, सपाट पृष्ठभाग मिळतो. त्यावर कण पसरून स्कॅन केलं आणि प्रत्येक कण जोडीने, एकाच दिशेला कललेला दिसला, तर संशय सुईवर घ्यायचा: टोक तुटून त्याला दोन शेंडे फुटलेले असतात. मग नमुना 90 अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन. आकार नमुन्याबरोबर फिरले तर ते नमुन्याचे. जागच्या जागी राहिले तर ते सुईचे, आणि ते चित्र बाद.

‘हवं तेच दिसतं’ या आरोपाला एक घडलेलं प्रकरणच उत्तर देतं. 2013 साली चीनमधल्या एका गटाने रेणूंमधले हायड्रोजन बंध, म्हणजे शेजारच्या रेणूंना सैलसर जोडणारं आकर्षण, एएफएमने दिसल्याचं प्रसिद्ध केलं. रेणूंच्या मधोमध रेषा दिसत होत्या आणि त्यांची जगभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी फिनलंडच्या ऑल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की, जिथे बंध नाहीच अशा जागीही तशीच रेषा उमटते, कारण टोकावरचा कार्बन मोनॉक्साइडचा रेणू बाजूला कलतो. म्हणजे एका सुंदर चित्रावरचा सगळ्यात कडक आक्षेप एएफएमवाल्यांनीच घेतला, तोही प्रयोग करून.

उपयोगाचं म्हणाल, तर बहुतेक एएफएम अणू पाहायला वापरलेच जात नाहीत. चिपच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा, पॉलिमरचे थर, जिवंत पेशी किती मऊ किंवा ताठ आहेत, ही त्यांची रोजची कामं. 2008 साली फिनिक्स यान मंगळावर असाच एक एएफएम घेऊन गेलं आणि त्याने तिथल्या धुळीचे कण टिपले. जपानच्या कानाझावा विद्यापीठात तोशिओ आंदो यांच्या गटाने तर यंत्र इतकं वेगवान केलं की, 2010 साली मायोसिन-5 हे प्रथिन ॲक्टिनच्या धाग्यावरून चालताना त्यांनी चित्रित केलं. त्याचं एक पाऊल सुमारे 36 नॅनोमीटरचं भरलं, आणि लेझरच्या चिमट्यांनी, म्हणजे प्रकाशाने सूक्ष्म कण पकडून ठेवण्याच्या तंत्राने, त्याआधीच तेवढंच मोजलं गेलं होतं.